दुरुस्तीकामासाठी हातदिवा : निवड, वापर आणि निगा

दुरुस्तीचे काम मोकळ्या जागेत आणि दिवसाउजेडी करावयास मिळेल, असा योग क्वचितच येतो. ट्रॅक्टरच्या पोटाखाली भर दुपारीही अंधार असतो. विहिरीतील पंपाचा फूटव्हॉल्व्ह, पाण्याच्या टाकीचा तळ, पिठाच्या गिरणीतील पट्ट्यामागचे बेअरिंग, मोटारगाडीच्या इंजिनाची मागील बाजू या साऱ्या जागा अंधाराच्याच. शिवाय ज्या शिवारात कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळते, तेथे बिघाडही रात्रीच उघडकीस येतो. अशा वेळी कारागिराच्या एका हातात पाना असतो आणि दुसऱ्या हातात दिवा. पाना घेताना तो पोलादाचा कस पाहतो, जबडा तपासतो, माहीतगाराला विचारतो. दिवा मात्र दुकानात समोर दिसेल तो आणि स्वस्त असेल तो घेतला जातो.

वास्तविक हातदिवा हेही एक हत्यारच आहे. अपुऱ्या उजेडात नटाचे आटे चढतात, तारांची अदलाबदल होते, बारीक तडा नजरेतून सुटतो. सदोष दिव्यामुळे विजेचा धक्का बसतो आणि चुकीच्या जागी नेलेल्या दिव्यामुळे आग लागते. म्हणूनच हातदिव्याची निवड कशी करावी, तो कोठे न्यावा आणि कोठे नेऊ नये, याचा विचार प्रत्येक जोडारी, वायरमन, गॅरेजचालक आणि शेतकरी यांनी करणे अगत्याचे आहे.

जुना हातदिवा आणि त्याचे दोष

लाकडी वा रबरी मूठ, तिच्यापुढे होल्डर, होल्डरात ६० किंवा १०० वॅटचा बल्ब, त्याभोवती तारेची जाळी आणि टांगण्यासाठी आकडा, असा हातदिवा गॅरेजमधून अनेक दशके वापरात होता आणि अजूनही काही ठिकाणी दिसतो. त्याची रचना साधी असली तरी त्यात तीन मूलभूत दोष आहेत.

पहिला दोष उष्णतेचा. तारेच्या बल्बला दिलेल्या विजेचा फारच थोडा अंश उजेडात रूपांतरित होतो. उरलेली सर्व उष्णता होते. बल्बची काच इतकी तापते की तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तरी ती तडकू शकते. पेट्रोलची नळी सोडविताना चार थेंब अशा बल्बवर पडले, तर काच फुटून उघडी पडलेली तप्त तार क्षणार्धात पेट्रोलची वाफ पेटविते. दुसरा दोष नाजूकपणाचा. जळत्या बल्बमधील तार मऊ आणि अशक्त असते, त्यामुळे हातभर उंचीवरून पडलेला दिवाही निकामी होतो. तिसरा आणि सर्वांत गंभीर दोष म्हणजे कारागिराच्या हातात २३० व्होल्टचा विद्युतदाब खेळत असतो. लोखंडी कडांवर घासून, चाकाखाली चिरडून आणि तेलाने फुगून वायरीचे आवरण फाटते. जेथे फाटले तेथे चिकटपट्टी गुंडाळली जाते आणि काम पुढे चालू राहते.

ओल्या जमिनीवर पडून काम करणाऱ्या, घामाने भिजलेल्या माणसाच्या शरीराचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी २३० व्होल्टच्या दाबाने त्याच्या शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. हृदयाची लय बिघडवून मृत्यू ओढविण्यास हा प्रवाह पुरेसा आहे. लोखंडी टाकीत बसलेल्या माणसाला तर सर्व बाजूंनी जमिनीशी जोडलेल्या धातूचाच वेढा असतो. हात झटकून सुटण्यास जागाही नसते.

चोवीस व्होल्टचा दंडक

या धोक्याची दखल कायद्याने फार पूर्वीच घेतली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली दुरुस्ती करून कलम ३६-अ घालण्यात आले. टाकी, खड्डा, पिंप, मोठा नळ, धुराडे यांसारख्या बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा-साधने नसतील तर २४ व्होल्टहून अधिक दाबाचा हातात धरावयाचा विजेचा दिवा वापरू नये आणि ज्वालाग्राही वायू, वाफ किंवा धूळ असण्याचा संभव असेल तेथे फ्लेमप्रूफ बनावटीखेरीज अन्य दिवा नेऊ नये, असा दंडक त्या कलमाने घालून दिला. हा दंडक कारखान्यासाठी असला, तरी त्यामागील तत्त्व गावातल्या गॅरेजला आणि शेतावरच्या विहिरीलाही तितकेच लागू पडते.

वायरीचा दिवा वापरणे अपरिहार्य असेल, तर तो २४ व्होल्टचा असावा. हा दाब मिळविण्यासाठी वापरावयाचे रोहित्र दोन स्वतंत्र वेटोळ्यांचे असणे आवश्यक आहे. एकाच वेटोळ्यातून कमी दाब काढून देणारे रोहित्र या कामास वर्ज्य समजावे, कारण त्यात मुख्य वाहिनी आणि दिवा यांचा थेट संबंध राहतो व बिघाड झाल्यास पूर्ण दाब दिव्यापर्यंत पोचू शकतो. रोहित्र नेहमी टाकीच्या वा खड्ड्याच्या बाहेर ठेवावे. २३० व्होल्टचा दिवा वापरणे भागच पडले, तर तो दुहेरी आवरणाचा असावा आणि त्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच असावा. मात्र या स्विचमुळे धक्का बसतच नाही असे नाही. तो धक्क्याचा काळ कमी करतो, इतकेच.

एलईडीने घडविलेला बदल

हातदिव्याच्या इतिहासातील खरा पालट एलईडीमुळे झाला. निळा प्रकाश कार्यक्षमतेने देणारा डायोड शोधल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या डायोडवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की दोहोंच्या मिश्रणातून पांढरा उजेड मिळतो. ६० वॅटचा तारेचा बल्ब साधारण ७०० ल्यूमेन उजेड देतो. तेवढाच उजेड एलईडी सात-आठ वॅटमध्ये देऊ शकतो. त्यात तुटणारी तार नाही, फुटणारा काचेचा फुगा नाही. वीज इतकी कमी लागत असल्याने मुठीत मावणाऱ्या बॅटरीवर तासन् तास काम होते आणि वायरीची, पर्यायाने २३० व्होल्टची, गरजच उरत नाही. यास्तव सर्वसाधारण दुरुस्तीकामासाठी पुन्हा भारित करता येणारा एलईडी हातदिवा हीच आज पहिली निवड ठरते.

तथापि एलईडीही तापतो. उष्णता त्याच्या मागील बाजूने बाहेर पडावी लागते. त्यासाठी आत धातूचा पुरेसा पत्रा किंवा धातूचे अंग नसेल, तर थोड्याच वेळात उजेड मंदावतो आणि डायोडचे आयुष्य घटते.

उजेड किती हवा?

खोक्यावर ल्यूमेनचा आकडा ठळकपणे छापलेला असतो. दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड म्हणजे ल्यूमेन. प्रत्यक्ष कामाच्या जागेवर किती उजेड पडतो, हे लक्स या मापाने कळते. एका चौरस मीटरवर समान पसरलेला एक ल्यूमेन म्हणजे एक लक्स. कारागिराला लक्सशी कर्तव्य असते. समजा, ३०० ल्यूमेनचा दिवा १२० अंशांच्या कोनात सारखा उजेड टाकतो. त्याच्या समोर एक मीटर अंतरावर साधारण ९५ लक्स उजेड पडेल. तोच दिवा अर्ध्या मीटरवर आणला, तर उजेड चौपट म्हणजे सुमारे ३८० लक्स होईल आणि दोन मीटरवर नेला, तर जेमतेम २४ लक्स उरेल. अंतर दुप्पट झाले की उजेड चतुर्थांश होतो, हा नियम लक्षात ठेवला म्हणजे अवाढव्य आकड्यांचा मोह पडत नाही. जवळच्या कामाला २०० ते ५०० ल्यूमेनचा, पसरट उजेडाचा दिवा बहुधा पुरतो. त्याहून प्रखर उजेड चकचकीत धातूवरून परावर्तित होऊन डोळे दिपवितो.

विजेरीचा एकवटलेला झोत दूरच्या खांबावरील इन्सुलेटर किंवा विहिरीचा तळ पाहण्यास उपयोगी पडतो. पण हातभर अंतरावरील कामात त्याचा मध्यभाग लखलखीत आणि भोवती काळोख असा प्रकार होतो. याकरिता पुढच्या टोकाला झोत आणि अंगावर पसरट उजेड अशी दुहेरी सोय असलेला दिवा अधिक कामाचा. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फिरता आकडा, तळाशी चुंबक आणि वळणारी मान असावी. चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस मात्र दररोज पुसून काढावा, नाही तर तो बेअरिंगमध्ये किंवा जोडणीपेटीत जाऊन पडतो.

रंगांची ओळख आणि उजेडाची थरथर

लाल, पिवळी आणि निळी या तीन फेजच्या तारा ओळखताना उजेड रंगांशी प्रामाणिक असणे आवश्यक असते. हा प्रामाणिकपणा सीआरआय या निर्देशांकाने दर्शविला जातो. त्याचे कमाल मूल्य १०० असते. वायरिंगच्या कामाला तो किमान ८० असावा. गाडीच्या रंगकामाला ९० किंवा अधिक. हलक्या प्रतीच्या निळसर दिव्यांत तांबडा रंग मलूल दिसतो आणि तपकिरी व तांबड्या तारांत गल्लत होते. खोक्यावर ४,००० ते ५,००० केल्विन असे लिहिलेला उजेड डोळ्यांना सोसवतो.

दुसरी बाब थरथरीची. वाहिनीवर चालणारे काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेणाऱ्या मोटारीचा आस अशा उजेडात संथ फिरत असल्याचा भास होऊ शकतो. त्या भासाने हात पुढे गेला, तर बोटे गमवावी लागतील. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिवा पाहिला असता पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा फिरत्या यंत्राजवळ वापरू नये.

बांधणीची पारख

दिव्याच्या टिकाऊपणाचा अंदाज दोन सांकेतिक अंकांवरून करता येतो. आयपी या अक्षरांपुढील पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा अंक पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. आयपी ५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी अपाय नाही. गॅरेजला आयपी ५४ चालेल. विहिरीवर आणि पावसात काम करणाऱ्याने आयपी ६५ वा ६७ मागावा. आयके हा अंक आघात सोसण्याची शक्ती दर्शवितो. आयके ०७ म्हणजे २ ज्यूल, आयके ०८ म्हणजे ५ ज्यूल आणि आयके १० म्हणजे २० ज्यूल इतका आघात. पाऊण किलोचा हातोडा ३० सेंटिमीटरवरून पडला तर साधारण २ ज्यूलचा आघात होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंकांचा अर्थ उलगडतो.

अंगाचा पदार्थही पाहावा. नायलॉन तेल व पेट्रोल चांगले सोसते. पॉलिकार्बोनेट आघाताला दणकट असले, तरी पेट्रोल आणि थिनर लागल्याने त्याला बारीक तडे जातात. अशा दिव्याची भिंग-काच पेट्रोलच्या बोळ्याने कधीही पुसू नये. ॲल्युमिनियमचे अंग उष्णता लवकर बाहेर टाकते, पण विजेच्या पेटीत किंवा गाडीच्या बॅटरीवर ते दोन अग्रांना टेकले तर शॉर्टसर्किट होते. विद्युतकाम करणाऱ्याने म्हणून धातूचा उघडा दिवा घेऊ नये. बटण तेलकट हाताने किंवा हातमोजा घालूनही दाबता आले पाहिजे. भारणाच्या छिद्रावरील रबरी झाकण हे बहुतेक दिव्यांचे मर्मस्थान असते. ते सैल असेल, तर आयपीचा अंक कागदावरच राहतो.

बॅटरीचे गणित

बहुतेक हातदिव्यांत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा लिथियम-आयन घट असतो. त्याचा सर्वसाधारण दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट. क्षमता २,६०० मिलिअँपिअर-तास असेल, तर त्यात सुमारे साडेनऊ वॅट-तास ऊर्जा मावते. तीन वॅटचा दिवा त्यावर, मधली घट वजा जाता, अडीच-तीन तास पूर्ण उजेड देईल. या आकाराच्या घटाची खरी क्षमता ३,६०० मिलिअँपिअर-तासांच्या फारशी पुढे जात नाही. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला दिसला, तर तो खोटा आहे असे निःशंक समजावे. ‘चालण्याचा काळ’ या आकड्यातही गोम असते. विजेरीच्या प्रचलित अमेरिकी मोजपद्धतीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ धरला जातो. सहा तास चालणारा दिवा सहाव्या तासाला काम करण्याजोगा उजेड देईलच, असे नव्हे.

घट बदलता येणारा दिवा घ्यावा. घट काही वर्षांत थकतोच. तो आत कायमचा चिकटविलेला असेल, तर चांगला दिवाही त्याच्याबरोबर टाकून द्यावा लागतो. घटावर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे.

विहीर, खड्डा आणि वायू

हातदिव्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा इशारा येथे द्यावयाचा आहे. पूर्वी विहिरीत उतरण्याआधी कंदील दोरीने खाली सोडण्याची पद्धत होती. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्या घरात होता, तेथील जुन्या माणसांना ही खबरदारी ठाऊक असे. कंदील विझला की खाली प्राणवायू कमी आहे, हे समजे. एलईडीच्या दिव्याला प्राणवायू लागत नाही. तो दूषित हवेतही लखलखीत जळत राहतो आणि उतरणाऱ्याला निर्धास्त करतो. उजेड आहे म्हणजे हवा चांगली आहे, असा समज जिवावर बेतणारा आहे.

तथापि कंदिलाची जुनी कसोटीही पुरेशी नाही. सामान्य हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, १९.५ टक्क्यांखाली तो गेला तर ती जागा असुरक्षित मानतात. ज्योत मात्र साधारण १६ टक्क्यांपर्यंत तग धरते. विहिरीत डिझेल इंजिन चालविले असेल, तर तेथे साचणारा कार्बन मोनॉक्साइड ज्योत विझवीत नाही, माणसाला मात्र मारतो. गोबरगॅसच्या खड्ड्यात तर ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ते मिश्रण पेट घेते. म्हणून प्राणवायू व विषारी वायू मोजणारे यंत्र वापरावे, पंख्याने वा नळीने ताजी हवा आत सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर माणसे उभी ठेवावीत. आतला माणूस कोसळला, तर श्वसनसाधनाशिवाय दुसऱ्याने त्याच्यामागे उडी घेऊ नये. वरूनच दोराने ओढावे आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. एकापाठोपाठ एक उतरून अनेकांचे प्राण गेल्याच्या घटना अशाच घाईतून घडतात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या तपासणी-खड्ड्यात साचते. भारित होणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो हवेत अवघा ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. साध्या विजेरीच्या बटणातील ठिणगीही तेथे धोक्याची. अशा जागी आधी हवा खेळती करावी आणि दिवा बाहेरच सुरू करून मग आत न्यावा. ही मात्र केवळ किमान काळजी आहे. पेट्रोलची टाकी, भूमिगत इंधनसाठा, रंगाची कोठी येथे प्रमाणित फ्लेमप्रूफ किंवा ठिणगीने स्फोट होणार नाही अशा बनावटीचाच दिवा चालतो. पेट्रोलियम क्षेत्रातील अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. पाणीबंद दिवा म्हणजे स्फोटसुरक्षित दिवा नव्हे, हा भेद विक्रेत्यालाही पुष्कळदा माहीत नसतो.

खरेदी करताना

१. आपले काम कोणते, हे आधी ठरवावे : गॅरेज, वायरिंग, विहीर की ज्वालाग्राही जागा.
२. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा भिंतीवर पाडून पाहावा. उजेड सारखा पसरावा; मध्ये गडद वलये नसावीत.
३. दिवा कानाशी धरून हलवावा. आत खडखड होत असेल, तर तो घेऊ नये.
४. आकडा आणि चुंबक यांवर दिवा उलटा टांगून पाहावा. मान आपोआप खाली झुकू नये.
५. आयपी व आयके अंक, सीआरआय, घटाचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक वाचावा.
६. घट, भारक आणि बटण सुटे मिळतील का, हे विचारावे.
७. पावती व हमीपत्र घ्यावे. घरी येताच दिवा पूर्ण भारित करून तो किती वेळ कामापुरता उजेड देतो, याची नोंद ठेवावी. ही नोंद पुढे घट थकल्याची खूण ठरते.

निगा

काम संपल्यावर दिवा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. दिवा पूर्ण विझेपर्यंत वापरू नये. उजेड मंदावताच भारण करावे. दीर्घकाळ ठेवावयाचा असल्यास निम्मा भारित करून थंड जागी ठेवावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेला लिथियम घट लवकर निकामी होतो आणि प्रसंगी धोकादायकही ठरतो. फुगलेला, चेपलेला किंवा वास येणारा घट भारित करू नये. निकामी घट उकिरड्यावर टाकू नये, जाळू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो संकलनासाठी सुपूर्द करावा. वायरीच्या दिव्याची वायर दर आठवड्याला हातभर-हातभर तपासावी. आवरण फाटले असेल, तर पट्टी न गुंडाळता संपूर्ण वायर बदलावी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना पाना, हातोडा आणि कानस यांची निगा पहिल्या वर्षी शिकविली जाते. त्याच यादीत हातदिव्याला स्थान मिळाले, आणि गावोगावच्या गॅरेजमध्ये जाळीच्या जुन्या दिव्याची जागा सुरक्षित दिव्याने घेतली, तर अनेक अपघात सहज टळतील. चांगल्या दिव्यासाठी काही शे रुपये जास्त पडतात खरे. परंतु ते खर्च करताना आपण केवळ उजेड विकत घेत नसून त्या उजेडात काम करणाऱ्या हातांची हमी घेत आहोत, हे विसरता कामा नये.